पोमेरेनियन एवढासा कसा झाला? राणी व्हिक्टोरिया, तिच्या घरातली बाळंतपणं आणि छोट्या कुत्रीची डिलिव्हरी

'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवतोय ना? क्रिकेटच्या मॅचमध्ये अंपायर झालेला, हातातली चिठ्ठी नेमक्या माणसाकडे नेऊन सगळा घोळ निस्तरणारा पांढराशुभ्र कुत्रा. १९९४ साली तो पडद्यावर आला आणि नंतर कित्येक घरांतल्या कुत्र्यांचं नाव टफी पडलं. आजही पुण्यातली सोसायटी घ्या नाहीतर कोल्हापुरातली गल्ली, बाल्कनीतून भुंकणारा एखादा 'पॉम' सापडतोच.

गंमत अशी की टफी पोमेरेनियन नव्हता, तो इंडियन स्पिट्झ होता. त्यावर पुढे बोलूच. खरा पोमेरेनियन हा जेमतेम दोन-अडीच किलोचा, हातात मावेल एवढा जीव. पण तो आधीपासून असा नव्हता. अठराव्या शतकात हा कुत्रा चांगला मध्यम आकाराचा, दहा किलोंच्या आसपासचा असायचा. त्याला लहान करण्याची फॅशन ज्या बाईमुळे आली तिचं नाव मुंबईकरांना नवीन नाही. सीएसएमटी स्टेशनला १९९६ पर्यंत तिचंच नाव होतं आणि भायखळ्याच्या 'राणीच्या बागे'तली राणीही तीच. राणी व्हिक्टोरिया.

तिच्या राज्यकारभारावर भरपूर लिहिलं गेलंय. इथे विषय वेगळा आहे. व्हिक्टोरियाचं आयुष्य सुरू झालं ते एका बिघडलेल्या बाळंतपणामुळे, मधली सतरा वर्षं तिच्या स्वतःच्या बाळंतपणांत गेली आणि म्हातारपणी तिला नाद लागला तो छोट्या कुत्र्यांचा. त्या नादाची किंमत आजही पोमेरेनियनची मादी व्यायला होते तेव्हा मोजते. घरात छोटी कुत्री गाभण असेल तर ही गोष्ट पूर्ण वाचा.

पन्नास तासांच्या कळा

नोव्हेंबर १८१७. इंग्लंडच्या गादीची वारस होती राजकन्या शार्लट, वय २१. राजा तिसरा जॉर्ज याची ती एकुलती एक अधिकृत नात. तिला कळा सुरू झाल्या आणि थांबेचनात. बाळ मोठं होतं. प्रसूतीची जबाबदारी सर रिचर्ड क्रॉफ्ट या नामांकित डॉक्टरांवर होती. निसर्गाच्या कामात हात घालायचा नाही, ही त्या काळच्या डॉक्टरांची पद्धत. चिमटा वापरून बाळ ओढून काढायची सोय तेव्हा होती, पण क्रॉफ्ट थांबून राहिले. सुमारे पन्नास तासांनी मुलगा जन्मला, तो मेलेला. काही तासांत शार्लटही गेली. क्रॉफ्ट यांना हे सहन झालं नाही. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

आता राजघराण्यात पंचाईत झाली. तिसऱ्या जॉर्जला मुलगे भरपूर, पण पुढच्या पिढीत अधिकृत वारस एकही नाही. मग चाळिशी-पन्नाशीतले राजपुत्र घाईघाईने बोहल्यावर चढले. त्यातला चौथा मुलगा म्हणजे ड्यूक ऑफ केंट. त्याने मे १८१८ मध्ये एका जर्मन विधवेशी लग्न केलं. ही विधवा म्हणजे गेलेल्या शार्लटची सख्खी नणंद. या जोडप्याला २४ मे १८१९ रोजी केन्सिंग्टन राजवाड्यात मुलगी झाली, तीच व्हिक्टोरिया. शार्लट वाचली असती तर कदाचित ही मुलगी जन्मलीच नसती.

या वेळी बाळंतपणाची तयारी नीट होती. जर्मनीहून शार्लट हायडनराइख फॉन सिबोल्ड यांना बोलावलं होतं. बायकांना वैद्यकीय शिक्षणाची दारं बंद असताना प्रसूतिशास्त्रात पदवी मिळवलेल्या या बाई. व्हिक्टोरियाला जगात आणून त्या परत गेल्या आणि तीनच महिन्यांनी कोबुर्गमध्ये त्यांनी आणखी एका बाळाची सुटका केली. त्या बाळाचं नाव अल्बर्ट. व्हिक्टोरियाचा मामेभाऊ आणि पुढे नवरा. नवरा-बायको दोघांची सुईण एकच असण्याचा योग राजघराण्यात फार आला नसावा.

राज्याभिषेक झाला, आता कुत्र्याची आंघोळ

व्हिक्टोरिया आठ महिन्यांची असताना वडील वारले. आई आणि आईचा कारभारी सर जॉन कॉनरॉय यांनी तिला अक्षरशः कोंडून वाढवलं. झोपायचं आईच्याच खोलीत. जिना उतरायचा तो कुणाचा तरी हात धरून. बरोबरीच्या मुलांशी खेळणं जवळपास नाहीच. अशा घरात १८३३ मध्ये डॅश आला. जातीने किंग चार्ल्स स्पॅनियल. कॉनरॉयने तो दिला होता व्हिक्टोरियाच्या आईला, पण तेरा वर्षांच्या मुलीने तो लगेच आपलासा केला. त्याला लाल जाकीट आणि निळी विजार घालून तिने मिरवलं, याची नोंद तिच्या डायरीत आहे. घरातल्या मांजरीला झबलं घालणाऱ्या कुठल्याही मुलीसारखीच ती.

२० जून १८३७ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी ती राणी झाली. राज्याभिषेक झाला वर्षभराने, २८ जून १८३८ ला. कित्येक तासांचा सोहळा, डोक्यावर जड मुकुट, रस्त्यावर लोटलेली लंडनची गर्दी. हे सगळं आटोपून राणी घरी आली आणि तिने डॅशला आंघोळ घातली.

फेब्रुवारी १८४० मध्ये अल्बर्टशी लग्न झालं. तोही कुत्र्यांचा शौकीन, त्याची इऑस नावाची ग्रेहाऊंड कुत्री जर्मनीहून त्याच्याबरोबर आली होती. लग्नानंतर लगेच दोघांनी विंडसरच्या आवारात कुत्र्यांसाठी घरं बांधून घेतली. राणीला तिथे बसून कुत्री पाहता यावीत म्हणून खास व्हरांडा ठेवला. प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला ती राजकन्या असल्यापासून पाठिंबा देत होती. १८४० मध्ये त्या संस्थेच्या नावाला 'रॉयल' हा शब्द तिनेच जोडू दिला. आज जगभर माहीत असलेली आरएसपीसीए ती हीच.

सतरा वर्षांत नऊ

लग्नाच्या वर्षीच, नोव्हेंबर १८४० मध्ये पहिली मुलगी झाली, व्हिकी. त्यानंतर १८५७ पर्यंत एकूण नऊ मुलं. राणीची उंची जेमतेम पाच फूट. रिवाज असा की वारस जन्मताना शेजारच्या खोलीत मंत्री आणि धर्मगुरू हजर पाहिजेत. राणीला गरोदरपणाचा मनापासून तिटकारा होता आणि तिने तो लपवलाही नाही.

त्यातलं आठवं बाळंतपण इतिहासात गेलं. एडिनबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली होती. त्यावर बराच गदारोळ झाला. काही डॉक्टरांना ते धोक्याचं वाटे, तर काहींच्या मते बाईने कळा सोसणं हा देवाचाच नेम. ७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांना राजवाड्यात बोलावलं गेलं. पुढच्याच वर्षी लंडनमधला कॉलरा पाण्याच्या पंपातून पसरतो हे दाखवणारे डॉक्टर ते हेच. घडी घातलेल्या रुमालावर क्लोरोफॉर्मचे थोडे थोडे थेंब टाकत त्यांनी सुमारे ५३ मिनिटं राणीच्या वेदना कमी केल्या. राणी शुद्धीत होती आणि भलतीच खूश झाली. १८५७ मध्ये शेवटच्या बाळंतपणात तिने पुन्हा स्नो यांनाच बोलावलं. राणीने घेतलं म्हटल्यावर विरोधाची धार बोथट झाली आणि वेदनारहित प्रसूतीचा विचार सामान्य घरांपर्यंत पोहोचू लागला.

१८५८ मध्ये व्हिकीचं लग्न प्रशियाच्या राजपुत्राशी झालं. काही महिन्यांत तिला दिवस गेले. मुलीने आपल्या पोटी नवा जीव वाढवण्याच्या थोरवीबद्दल काहीतरी लिहिलं असावं, कारण आईचं उत्तर कोरडं आलं. अशा वेळी आपल्याला गाय किंवा कुत्री असल्यासारखंच वाटतं, अशा अर्थाचं राणीने लेकीला लिहिलं. कुत्र्यांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या बाईने ही तुलना करावी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिला माहीत होतं की या बाबतीत राजवाडा आणि कुत्र्याचं घर यात फार फरक नाही.

चिठ्ठी टपालात पडली

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी व्हिक्टोरियाने इंग्लंडमधून सगळं धाडलं. अनुभवी सुईण, आपले खास डॉक्टर सर जेम्स क्लार्क आणि क्लोरोफॉर्मची बाटली. बर्लिनमधले प्रसूतितज्ज्ञ डॉ. एडुआर्ड मार्टिन यांनाही सांगून ठेवलेलं होतं. एवढी तयारी, पण २७ जानेवारी १८५९ ला ऐन वेळी घात झाला. डॉ. मार्टिन यांना बोलावणारी चिठ्ठी माणसाच्या हाती थेट जाण्याऐवजी टपालात पडली. ते पोहोचले तेव्हा बराच उशीर झाला होता. बाळ पायाकडून येत होतं आणि अडकलं होतं. ओढाताण करून ते जिवंत काढलं. आई-बाळ दोघं वाचली, पण बाळाच्या डाव्या खांद्याच्या नसा दुखावल्या. तो हात आयुष्यभर लुळा आणि आखूडच राहिला. हे बाळ म्हणजे पुढे जर्मनीचा सम्राट झालेला कैसर विल्हेल्म दुसरा.

पैसा, डॉक्टर, औषध, सगळं असून एक निरोप वेळेत गेला नाही.

फ्लोरेन्सहून आलेला मार्को

डिसेंबर १८६१ मध्ये अल्बर्ट गेला आणि राणीने काळे कपडे चढवले ते कायमचे. माणसांतून ती मिटली, कुत्र्यांतून नाही. त्याच सुमारास चीनमधून एक वेगळीच कुत्री तिच्याकडे आली होती. १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, तिथे सापडलेली इवलीशी पेकिनीज. लुटीतून आली म्हणून तिचं नाव 'लूटी' ठेवलं गेलं. इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचललेला 'लूट' हा शब्द असा चिनी कुत्रीला चिकटून विंडसरला पोहोचला. नाव ठेवणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, हे त्या काळाबद्दल पुरेसं बोलतं.

१८७७ पासून ती हिंदुस्थानची सम्राज्ञी. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा ती बातमी राणीपर्यंत गेली आणि तिच्याकडून अभिनंदनाचा निरोप आला. आनंदीबाईंचं स्वतःचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं आणि त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तोही प्रसूतिशास्त्राचा.

मग १८८८. राणी इटलीत फ्लोरेन्सला मुक्कामाला गेली आणि तिथे लहान चणीच्या स्पिट्झ कुत्र्यांच्या प्रेमात पडली. तिने काही विकत घेतले. त्यातला मार्को तांबूस-सोनेरी, वजन सुमारे साडेपाच किलो. पोमेरेनियन इंग्लंडला नवा नव्हता. व्हिक्टोरियाची आजी, तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट हिनेच बाल्टिक समुद्राकाठच्या मुलखातले हे कुत्रे अठराव्या शतकात आणले होते. पण आजीचे कुत्रे मोठे आणि बहुतेक पांढरे, तर नातीचा मार्को त्यांच्या निम्मा.

राणी नुसती पाळून थांबली नाही. विंडसरला त्यांची पैदास सुरू झाली. १८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्टने लंडनला भरवलेल्या कुत्र्यांच्या पहिल्या मोठ्या 'क्रफ्ट्स' प्रदर्शनात तिने आपले पोमेरेनियन उतरवले आणि मार्कोने बक्षीस पटकावलं. राणीच्या कुत्र्याला बक्षीस नाकारणार कोण, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण परिणाम पक्का झाला. छोटा पोमेरेनियन हवा, अशी लाट आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पोमेरेनियन क्लब निघाला. राणीच्या हयातीत या जातीचा आकार जवळपास निम्म्यावर आला असं मानलं जातं. तिच्यानंतरच्या लोकांनी तो आणखी खाली नेला. आज ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मानकात नराचं आदर्श वजन १.८ ते २ किलो आणि मादीचं २ ते २.५ किलो आहे. मादी थोडी जड का, याचं उत्तर सोपं आहे. पिल्लं तिलाच द्यायची असतात.

लहान आईची अडचण

कुत्री लहान केली की तिच्या कमरेची हाडंही लहान होतात. पिल्लाचं डोकं मात्र त्या मानाने तेवढं लहान होत नाही. त्यात छोट्या जातीत पिल्लं कमी, बहुधा एक ते तीन. एकच पिल्लू असेल तर आईचं सगळं पोषण त्यालाच मिळतं आणि ते मोठं होतं. शिवाय कळा सुरू होण्याचा इशारा पिल्लांकडूनच जातो. एकट्या पिल्लाचा इशारा कधीकधी अपुरा पडतो आणि दिवस उलटून जातात. राजकन्या शार्लटच्या खोलीत जे झालं, तेच इथे टोपलीत होऊ शकतं.

म्हणून तयारीची सुरुवात कुत्री नराकडे नेण्याआधी होते. पहिला प्रश्न, ही मादी व्यायला योग्य आहे का? दोन किलोंच्या खालची, आधी सिझेरियन झालेली, गुडघ्याची वाटी सरकणारी किंवा वय झालेली असेल तर व्हेट बहुधा नकोच म्हणतील. तेव्हा ऐका. भारतात २०१७ च्या पैदास-नियमांनुसार व्यावसायिक ब्रीडरलाही १८ महिन्यांपेक्षा लहान मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत. ब्रिटनचा केनेल क्लब तर दोन सिझेरियन झालेल्या मादीची पुढची पिल्लं सहसा नोंदवतच नाही. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर कुत्री आजारी पडते, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. त्याला काही आधार नाही.

दिवस साधारण ६३ मोजायचे, पण नर दाखवल्याच्या तारखेपासून मोजले तर चार-पाच दिवस मागेपुढे होतात. तारीख लिहून ठेवा. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला सोनोग्राफीत गर्भ आहेत का ते कळतं. पिल्लं नेमकी किती, हे मात्र ५५ दिवसांनंतरच्या एक-रेमध्येच नीट मोजता येतं. हा एक्स-रे चुकवू नका. आत तीन आहेत हे माहीत असेल तरच दोन बाहेर आल्यावर काहीतरी राहिलंय हे कळेल. डोकं आणि कमरेची जागा यांचा अंदाजही त्यातच येतो आणि गरज असेल तर सिझेरियनची वेळ आधीच ठरवता येते. आजची भूल क्लोरोफॉर्मची नसते, त्याहून कितीतरी सुरक्षित वायूची असते.

खाण्यात पहिला महिनाभर फरक नको. शेवटच्या तीन आठवड्यांत पोटात जागा कमी पडते, म्हणून थोडं थोडं आणि जास्त वेळा द्या. पिल्लांसाठी मिळतं ते खाद्य या काळात आईला चालतं. आता एक चूक, जी प्रेमापोटी फार घरांत होते. बाळंतीण म्हणून कुत्रीला गाभण असतानाच कॅल्शियमच्या गोळ्या किंवा सिरप सुरू केलं जातं. ते उलटतं. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळालं की हाडांतून ते सोडण्याची शरीराची सवय मोडते आणि पिल्लं दूध प्यायला लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम पडतं. छोट्या जातीत हे जास्त होतं. विल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांत कुत्री थरथरायला लागली, ताठ चालायला लागली, उगाच धापा टाकत अस्वस्थ फिरू लागली तर तो थकवा समजून बसू नका. तासाभरात झटके येऊ शकतात. पिल्लं बाजूला करून थेट दवाखाना गाठा.

जागा आठ-दहा दिवस आधी ठरवा, म्हणजे ती तिथे रुळेल. आई आडवी पसरू शकेल एवढा खोका, कडा पिल्लू बाहेर पडणार नाही इतक्या उंच, आत धुतलेल्या जुन्या चादरी. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट नको. पिल्लांना पहिल्या आठवड्यात स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यांच्याजवळ साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तेवढ्या उबेत आईच हैराण होते. म्हणून टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या एकाच कोपऱ्यात ठेवा. ज्याला हवं तो जवळ जाईल. हाताशी स्वच्छ टॉवेल, उकळलेली कात्री, जाड दोरा, डिजिटल थर्मामीटर आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा असला की सामान झालं.

शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप लिहा. एरवी तो १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असतो. ९९ च्या खाली आला की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. आधी ती खाणं सोडते, चादरी उकरते, धापा टाकते. यात सहा ते बारा तास सहज जातात आणि घाबरण्यासारखं काही नसतं. शेजारच्या मुलांना बघायला मात्र बोलावू नका. व्हिक्टोरियाच्या दाराशी मंत्री बसलेले असत, ते पुरे झालं.

खरं घड्याळ सुरू होतं ते तिने जोर लावायला सुरुवात केल्यावर. अर्धा तास नेटाने जोर लावूनही पिल्लू येत नसेल, आत पिल्लं शिल्लक असताना दोन तास काहीच होत नसेल, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, ताप उतरून २४ तास झाले तरी कळा नाहीत, खूप रक्त जातंय किंवा ती गळून पडली, तर फोन उचला. पिल्लू शेपटीकडून मागच्या पायांसकट येत असेल तर घाबरू नका, कुत्र्यांत कितीतरी पिल्लं तशीच येतात. पाय आत दुमडलेले आणि फक्त शेपटी दिसतेय, तेव्हा मात्र अडचण. कुणाच्या तरी सांगण्यावरून कळा वाढवायचं इंजेक्शन घरी देऊ नका. पिल्लू अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

आणि ती बर्लिनची चिठ्ठी आठवा. रात्री दोनला कोणता दवाखाना उघडा असतो, तिथे सिझेरियन होतं का, गाडी कुणाची, हे ५५व्या दिवसापर्यंत ठरलेलं हवं. तुमचे नेहमीचे व्हेट रात्री फोन उचलतात का, हेही आधीच त्यांना विचारून घ्या.

पिल्लू आलं की आई पिशवी फाडते, चाटते, नाळ तोडते. मिनिटभरात तिने काही केलं नाही तर आपण पिशवी फाडायची, नाक-तोंड पुसायचं, टॉवेलने खसाखसा चोळायचं. नाळ तोडावी लागली तर पोटापासून साधारण इंचभर अंतरावर दोरा बांधून त्याच्या पलीकडे कापायची. वार किती पडल्या ते मोजा. पहिलं चीक-दूध लवकरात लवकर पोटात जाऊ द्या, आणि रोज वजन करा. इवल्या पिल्लाच्या रक्तातली साखर भराभर उतरते. रडणं थांबलं, अंग गार पडलं, वजन घटलं की वाट पाहायची नसते.

राहता राहिला टफी. भारतातल्या हवेत टिकतील असे जे पांढरे स्पिट्झ इथे पिढ्यानपिढ्या वाढले, ते आकाराने खऱ्या पोमेरेनियनपेक्षा मोठे आणि व्यायलाही सोपे. तुमच्या घरचा 'पॉम' सहा-सात किलोंचा असेल तर तो बहुधा हाच. मोबाइलवर 'टीकप पॉम' म्हणून जे विकायला दिसतात, त्यांच्या आईचं वजन किती आणि तिचं कितवं बाळंतपण, एवढं विचारून बघा.

शेवटची संध्याकाळ

जानेवारी १९०१. व्हिक्टोरिया ८१ वर्षांची, आयल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये. दिसत नव्हतं, चालवत नव्हतं. मुलं, नातवंडं गोळा झाली होती. तिने टुरीला आणायला सांगितलं. टुरी हा तिचा लाडका पांढरा पोमेरेनियन. त्याला पलंगावर तिच्याजवळ ठेवलं.

२२ जानेवारीच्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ती गेली. शेवटचे अडीच तास तिला उशीसकट आधार देऊन एक नातू पलंगाशी गुडघ्यावर बसून होता. कैसर विल्हेल्म. त्याला हात बदलता येत नव्हता, डावा हात जन्मापासून लुळा होता. उजव्या हातानेच त्याने आजीला शेवटपर्यंत धरून ठेवलं.